कात्रीला पडलेलं एक मत

दगड फोडणारा क्रशर थांबला तरी खडीवरची माणसं थोडा वेळ ओरडूनच बोलत. दिवसभर त्याच्या लोखंडी जबड्याच्या खडखडाटावर आवाज चढवायचा म्हटल्यावर गळ्याला हळू बोलणं आठवायलाही वेळ लागतो. त्या दिवशी निवडणूक कचेरीतले साहेब आले म्हणून मशीन भर दुपारी बंद केलं आणि सगळी माणसं अंगावरच्या भुकटीसकट पत्र्याच्या सावलीत येऊन बसली. साहेब तरुण, उत्साही, कडक इस्त्रीच्या निळ्या शर्टातले. परत जाताना हा शर्ट पांढरा झालेला असणार, यावरून बायका आधीच खुसखुसत होत्या.

"यापुढे पेटी नाही," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी तुमची पेटी तळ्यात सापडली ना?"

"एक तळ्यात," मागून कुणीतरी ओरडलं, "आणि एक मालकाच्या गोदामात!"

सगळे हसले. मुकादमही हसला, पण हसता हसता मान वळवून कोण बोललं ते त्यानं बघून घेतलं.

"आता तुमचं मत म्हणजे साखळीतली एक कडी," साहेब सांगू लागले. "ब्लॉकचेन म्हणतात तिला. कडीत कडी अडकलेली, आणि त्या अख्ख्या साखळीची नक्कल शेकडो मशीनांवर. कुणी एक कडी बदलायला गेला की बाकीच्या सगळ्या नकला बोंब मारतात, ही खोटी म्हणून. पुसता येत नाही, बदलता येत नाही, कुणाच्या बापाला." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. "आणि माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणतच नाही मी. मत दिलं की पावती मिळेल. पावतीवरचा चौकोन फोनला दाखवा, तुमचं मत साखळीत जसंच्या तसं बसलेलं दिसेल. स्वतः बघा."

"आणि दुसऱ्या कुणी बघितलं तर?" पुढे बसलेल्या म्हातारीनं विचारलं.

"दाखवायचीच नाही ना, आजी, कुणाला. तुमची गुप्त गोष्ट आहे ती."

यावर सगळ्यात मनापासून मान कुणी हलवली असेल तर ती मुकादमानं.

मग एकेकाचे अंगठे घेतले, दोन्ही हातांचे. पावती हरवली तर कचेरीत येऊन अंगठा ठेवायचा, दुसरी प्रत मिळेल. दोन्ही कशाला, असं कुणी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "दगडाशी काम तुमचं." तेवढ्यात एका म्हाताऱ्या फोडकऱ्यानं आपला अंगठा नसलेला हात वर करून दाखवला आणि पुन्हा हशा पिकला.

पुढे बसून प्रश्न विचारणारी म्हातारी म्हणजे थोरलीची सासू. थोरली तिच्या मागेच बसली होती. तिचा नवरा मिस्त्री जबड्यापाशी उभा राहून दगड आत ढकलायचा आणि ती डोक्यावर घमेलं घेऊन ते दगड त्याच्यापर्यंत आणायची. माहेरच्या दोघी बहिणी, एक थोरली, एक धाकटी. दोघींची लग्नं याच गावात झाली आणि माहेरची नावंही पाठोपाठ आली. धाकटीचा नवरा लवकर गेला. ती शिवणकाम करायची आणि आता गावाच्या प्रमुखपदाला उभी राहिली होती, मालकाच्या भावाच्या विरोधात. तिचं चिन्ह कात्री, त्याचं छत्री.

साहेब बोलत होते आणि थोरलीला जुना पुठ्ठा आठवत होता. मतदानाच्या टेबलावर तीन बाजूंनी उभा केलेला तो साधा पुठ्ठा. मालकाचा चहा पिऊन, मालकाच्या ट्रकमधून उतरून, मुकादमाला हो हो म्हणत ती त्या पुठ्ठ्याआड जायची आणि मनाला येईल तिथे शिक्का मारून यायची. ना मुकादमाची नजर, ना सासूची, ना नवऱ्याची. पेटी मग तळ्यात जावो नाहीतर गोदामात, तेवढी घटकाभराची मोकळीक तिला फार आवडायची. नवीन मशीनमागेही पुठ्ठा असणार का, हे तिला विचारायचं होतं, पण चारचौघांत तोंड उघडलं नाही.

उन्हाळा त्या वर्षी अंगावर येत होता. तळं आटत चाललं म्हणून जबड्यावर पाणी मारायचं मालकानं बंद केलं होतं, आणि पाणी बंद झाल्यापासून भुकटी खाली बसेना. ती पत्र्यावर, अंथरुणात, पिण्याच्या पाण्यावर साय धरल्यागत पसरायची. मिस्त्रीचा खोकला आधी सकाळचा होता, मग सकाळ-संध्याकाळचा झाला, आता तो मध्येच जबड्याला धरून वाकून उभा राहायचा आणि मागे दगडांचा ढीग साचायचा. मुकादम लांबूनच ओरडायचा, "मिस्त्री, मशीनला दम लागलाय, का तुला?"

धाकटी आली ती याच गोष्टीवर बोलायला. संध्याकाळी मालकाच्या ओळीतल्या खोल्यांसमोर पाय आपटत, चपलेची भुकटी झाडत ती उंबऱ्यात उभी राहिली.

"दाजी कुठेत?"

"आंघोळीला बसलेत. निघते का ती भुकटी!"

"ताई, मी निवडून आले की पहिलं काम, क्रशरवर पाणी. पाणी नाही तर मशीन बंद. आणि दुसरं, ह्या खोल्या मशीनपासून लांब."

"आणि तिसरं, माझा झंपर," सासू आतून म्हणाली. "काखेत असा शिवलाय की हात वर केला की श्वास अडकतो. झंपर शिवता येईना, निघाली गाव शिवायला!"

"आणा आत्याबाई, सैल करून देते."

"राहू दे. मेल्यावर घालीन, तेव्हा हात वर करायचा नसतो."

धाकटीला हसू आवरेना. सासूची जीभ गावाला माहीत होती आणि धाकटीवरचा तिचा राग त्याहून जास्त माहीत होता. निघताना धाकटीनं थोरलीचा हात धरला. "कुणाचं येवो न येवो, तुझं मत तर माझंच ना गं ताई?"

"हे काय विचारणं झालं?" थोरली म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं सगळ्यांना फाटकाशी गोळा केलं. पेटी बदलता येत नाही म्हटल्यावर मालकाला आता खरीखुरी मतं लागणार होती, आणि ती मिळवायची सोय साहेबांनीच करून ठेवली होती. मुकादमानं आवाजही चढवला नाही. मतदानाला सकाळची सुट्टी, पगारी. दुपारी कामावर यायचं. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना प्रत्येकानं आपापली पावती त्याच्या फोनसमोर धरायची.

"ती तर गुप्त असती ना?" कुणीतरी म्हणालं.

"गुप्तच राहणार. तुझ्यात न् माझ्यात." मुकादम हसला. "ज्याची छत्री दिसेल तो उद्या कामावर. ज्याची दिसणार नाही त्यानं खोली रिकामी करायची. घरात बसणाऱ्यांच्या पावत्या खोलीवर येऊन बघीन, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्रास घेऊ नये."

सासू दारात उभी होती. "मला कशाला धाक घालतोस रे? त्या शिंपिणीला मत देण्यापेक्षा मी मशीनच्या जबड्यात हात घालीन! झंपराचं वाटोळं केलं मेलीनं!" आणि मग तिनं धाकटीच्या शिवणीचा, चालीचा, बोलण्याचा असा काही उद्धार केला की बायका तोंडाला फडकी लावून हसायला लागल्या.

मुकादमानं हात जोडले. "म्हातारे, तू नको दाखवूस पावती. तुझी जीभ हीच पावती."

खोलीत आल्यावर मिस्त्री भिंतीला टेकून खोकत राहिला. मग म्हणाला, "मी छत्रीला देणार. छाती तर गेलीच आहे, छप्पर तरी राहू दे." थोरलीला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं.

शाळेच्या वर्गात मशीनमागे पुठ्ठा होता. तसाच, तीन बाजूंनी. थोरली त्याच्याआड उभी राहिली आणि जुन्या सवयीनं तिला क्षणभर बरं वाटलं. पडद्यावर कात्री होती, छत्री होती. बोट कात्रीवर गेलंही. पण आता पुठ्ठ्याआड ती एकटी नव्हती, मुकादमाचा फोन बरोबर आला होता. उन्हात टाकलेली भांडी, ट्रंकेवर बसून खोकणारा मिस्त्री, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. तिनं छत्री दाबली. मशीननं जीभ काढल्यासारखी पावती बाहेर सरकवली.

शाळेबाहेरच्या दोरीपलीकडे धाकटी भर उन्हात उभी होती. थोरलीला बघून तिचा चेहरा असा खुलला की थोरलीला तोंड कुठे लपवावं कळेना. पावती हातातच होती. ती पुढे येऊन गळ्यात पडणार म्हटल्यावर थोरलीनं घाईघाईनं काखेतली कापडाची चुंबळ उकलली, पावती तिच्या घड्यांत सारली आणि चुंबळ परत पिळून डोक्यावर ठेवली. खडीवरच्या बायका किल्ली, सुटे पैसे, डोकेदुखीची गोळी, सगळं चुंबळीतच ठेवतात. हात कामात असले तरी डोकं कुठे जात नाही.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"झालं."

दुपारी काम सुरू झालं. ऊन डोक्यावर, घमेलं डोक्यावर, घमेल्याखाली चुंबळ आणि चुंबळीत पावती. घामाच्या धारा कानामागून मानेत उतरत होत्या. मशीन सकाळचं नुकसान भरून काढायला निघालं होतं, मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नव्हती आणि थोरली मुद्दाम दोन दगड जास्तच घेत होती. अंग मोडून काम केलं की डोकं चालत नाही, एवढाच त्यातला हेतू. संध्याकाळी फाटकाशी रांग लागली आणि तिनं चुंबळ उकलली तेव्हा आत राखाडी लगदा होता. घाम आणि भुकटी मिळून पावतीचं पीठ मळलं होतं.

मुकादमानं तो लगदा बोटानं उलटापालटा करून बघितला. मागच्या बायका हसल्या, पण तो हसला नाही.

"छत्रीच होती," थोरली म्हणाली. "तुमची शपथ."

"शपथेची काय गरज आहे वहिनी? उद्या निकाल आहे. आपल्या केंद्रावर सगळ्या छत्र्याच निघाल्या तर प्रश्नच मिटला."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. साहेब खूश होते. एकही मत इकडचं तिकडे झालं नव्हतं, पेटी तळ्यात गेली नव्हती, गावाच्या इतिहासातली पहिली स्वच्छ निवडणूक पार पडली होती. मालकाचा भाऊ ठासून निवडून आला. खडीच्या केंद्रावर फक्त ओळीतल्या खोल्यांतली माणसं होती, धाकटीचं स्वतःचं मत गावातल्या केंद्रावर होतं. इथे बाकी सगळी मतं छत्रीला पडली होती. कात्रीला एक.

मुकादम मशीन बंद करायला लावून थोरलीसमोर येऊन उभा राहिला. घमेलं अजून तिच्या डोक्यावर होतं.

"सगळ्यांच्या पावत्या बघितल्यात मी. तुझ्या तेवढ्या पावतीचा लगदा झाला."

"मी छत्रीलाच दिलं."

"मग जा कचेरीत, अंगठा ठेव, प्रत घेऊन ये. छत्री निघाली तर सगळ्यांसमोर माफी मागतो. नाहीतर उद्या खोली रिकामी."

थोरलीनं घमेलं उतरवलं आणि ती तशीच निघाली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. प्रत आणायची आणि मुकादमाच्या नाकावर टिच्चून दाखवायची! कात्रीला कुणी दिलं असेल ते असो, आपण नाही दिलं, आपलं छप्पर शाबूत. फाटकाबाहेर पोचते न पोचते तोच समोरून धाकटी आली. डोळे रडून सुजलेले. तिनं रस्त्यातच, भुकटीसकट, बहिणीला मिठी मारली.

"सगळे फिरले गं ताई. ज्यांच्या पोरांचे कपडे फुकट शिवले ते फिरले. तू एकटी राहिलीस." फाटकातून माणसं बघत होती. धाकटी त्यांच्याकडे वळून ओरडली, मशीन चालू असल्यासारखी. "माझ्या बहिणीनं दिलं! बास झालं मला. हरल्याचं काही वाटत नाही आता!"

थोरलीचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. मग तिनं ते उचलले आणि धाकटीच्या पाठीवर ठेवले. कचेरीकडे न जाता ती खोलीवर परत आली.

सासू चुलीतली राख काढत बसली होती. वर न बघता म्हणाली, "जाऊन आलीस?"

"नाही."

"जाऊ नकोस. तुझी छत्री निघाली की तो हिशेब करत बसेल. मग त्याच्या ध्यानात येईल, न बघितलेली आणखी एक पावती आहे."

थोरली तिच्याशेजारी खाली बसली. "तुम्ही?"

"ओरडू नकोस, मशीन बंद आहे."

"पण तुम्ही तर तिला इतकं..."

"तिच्या तोंडाकडे बघून नाही दिलं. अजूनही शिवण वाईटच आहे तिची." सासूनं राखेचं सूप बाजूला ठेवलं. "हा रात्रभर खोकतो. तुम्ही दमून झोपता, मला झोप नसते. त्या खोकल्याला दिलं मी मत. पावती तेव्हाच चुलीत घातली."

थोरलीनं पदरानं तोंड पुसलं. "मी कुणाला दिलं, ते नाही विचारलंत."

"विचारायचं काय त्यात? मुकादमाच्या धमकीपासून तू धाकटीकडे बघत नव्हतीस." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि थोरलीला तेच जास्त लागलं. "घर तुझ्या डोक्यावर आहे. मी तुला नावं ठेवणार नाही."

म्हणजे प्रत आणली तर म्हातारी सापडणार आणि न आणली तर थोरली. दोन्हीकडून खोली जाणारच होती. थोरली उठून भांडी आवरायला लागली. मिस्त्री आला, त्यानं पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला, खोकला येईपर्यंत तिला बोलला आणि मग बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ट्रंक बांधताना मात्र त्यानं तिच्याकडे न बघता हळूच विचारलं, "माझ्या छातीसाठी दिलंस ना?"

"हो," थोरली म्हणाली.

त्यानं ट्रंकेची दोरी स्वतः ओढून बांधली, तिला ट्रंक उचलू दिली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. थोरलीला वाटलं, ह्यापेक्षा तांब्या अंगावर फेकला असता तर बरं झालं असतं.

धाकटीनं त्यांना दुकानामागच्या खोलीत घेतलं. पुढे शिवणयंत्र, मागे ही तीन माणसं, मध्ये एक पडदा. गिऱ्हाईक आलं की धाकटी माप घेता घेता सांगायची, "माझ्या ताईनं घर घालवलं, पण मत नाही घालवलं." पडद्याआडून थोरलीला शब्दन् शब्द ऐकू यायचा. बाहेर जायची एकच वाट होती, दुकानातून, त्या कौतुकाच्या मधून. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती मागेच भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा घासत.

मग एक दिवस साहेब स्वतः दुकानात आले. मतावरून घराबाहेर काढणं हा गुन्हा आहे, त्यांनी सांगितलं. मुकादमावर कारवाई होईल, खोली परत मिळेल, मिस्त्रीला काम द्यावं लागेल. पुरावा एकच लागेल, थोरलीच्या मताची प्रत. "साखळीत ते जसंच्या तसं आहे, काळजी करू नका," साहेब म्हणाले. "कुणाला पुसता येणार नाही."

"उद्या सकाळीच येतो आम्ही," धाकटी म्हणाली.

साहेब गेल्यावर सासूनं पडदा ओढून घेतला. "मी येते उद्या. माझा अंगठा ठेवते. कात्रीच निघेल. आता कुणाला भ्यायचं? खोली तर गेलीच."

"नको, आत्याबाई."

"का गं?"

"तुमचं निघालं की धाकटी विचारेल, मग ताईचं कुठे गेलं."

सासूनं तिच्याकडे बघितलं. "मग सांग की तिला. रडेल, बोलेल, आठ दिवस तोंड फिरवून बसेल. बहीण आहे तुझी."

थोरलीनं तोंड उघडलं. पडद्यापलीकडे धाकटी कुणालातरी तेच सांगत होती, घर घालवलं पण मत नाही घालवलं. तिचा आवाज इतका सुखाचा होता की थोरलीनं तोंड मिटून घेतलं. लाज तर होतीच, पण खरं सांगायचं तर त्या कौतुकाची तिला सवयही लागत चालली होती.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती मागच्या धुण्याच्या दगडापाशी गेली. मुठीत थोडा खरखरीत कच घेतला, दगडावर पसरला आणि उजवा अंगठा त्यावर घासायला लागली. आधी नुसती आग झाली. मग कातडीच्या बारीक रेघा गेल्या, मग कातडीच सोलवटून खालचा गुलाबी भाग उघडा पडला. ती दात आवळून घासत राहिली. मागे सासू कधी येऊन उभी राहिली तिला कळलंही नाही. सासू तांब्याभर पाणी तिच्या अंगठ्यावर ओतून आत निघून गेली.

कचेरीत पंखा होता, काचेचं छोटं यंत्र होतं आणि साहेबांच्या टेबलावर मुकादमाविरुद्धचा अर्ज तयार होता. धाकटीनं आपला सगळ्यात चांगला पोशाख घातला होता. थोरलीनं अंगठा काचेवर ठेवला. यंत्र नाही म्हणालं. साहेबांनी काच पुसली, पुन्हा ठेवायला सांगितलं. पुन्हा नाही.

"बघू," म्हणत धाकटीनं तो अंगठा हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "साहेब, बघा हो काय झालंय. दगडानं अंगठा खाल्ला माझ्या ताईचा." ती त्यावर फुंकर घालायला लागली, लहानपणी थोरली तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालायची तशी. थोरलीनं मान खाली घातली. सुटले, असं तिच्या मनात आलं आणि कितीतरी दिवसांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "म्हणूनच तर आपण दोन्ही हातांचे घेतलेत."

धाकटीचा चेहरा उजळला. तिनं थोरलीचा डावा हात हलकेच उचलला, आपल्या ओढणीच्या टोकानं अंगठा पुसून कोरडा केला, काचेवर ठेवला आणि वरून आपल्या बोटानं दाबून धरला. अंगठा अगदी स्वच्छ उमटला.